दुसरा ब्रेक

३ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या चर्चच्या पाळकांच्या सांगण्यावरून ही वही सुरू करतो आहे. त्यांची नजर अधू झाली आहे. समोरचं नीट दिसतं, कडेचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली आहे. रविवारचा उपदेश ते करतातच, पण त्याआधीची पाच मिनिटं त्यांनी मला दिली. विषय : रोजच्या जगण्यातला बोध. मास्तर, तुम्ही दिवसभर रस्त्यावर असता, तिथे दिसेल ते सांगा, पुस्तकी नको, असं म्हणाले.

मला आनंद झाला. लपवत नाही. एकतीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतो आहे. उपासनेच्या बाकांवर होत नसतील इतक्या मनापासून प्रार्थना माझ्या शेजारच्या सीटवर होतात.

वही गाडीच्या कप्प्यात ठेवणार. दोन शिकवण्यांच्या मधे लिहायची.

४ फेब्रुवारी, मंगळवार

न्हाव्याचा पाचवा धडा. दिवसभर आरशासमोर उभा राहणारा माणूस, पण गाडीतल्या आरशात बघायचं त्याच्या लक्षात राहत नाही. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बघितलं आणि भांग सारखा केला. मागे काय दिसलं, विचारलं. म्हणाला, "कल्ले वाढलेत."

बोध : आरसा स्वतःला बघण्यासाठी नाही, मागून कोण येतंय ते बघण्यासाठी. रविवारचं काम झालं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून बाई शिकायला लागल्या. बाई म्हणजे पाळकांच्या पत्नी. सगळी मंडळी त्यांना नुसतं बाई म्हणते. वय अठ्ठावन्न. आयुष्यात सायकलही चालवलेली नाही.

त्यांना शिकायलाच हवं. पाळकांकडे तीन ठिकाणच्या उपासना आहेत. दोन चालत जाण्यासारख्या, तिसरी टेकडीपलीकडे, गाडीशिवाय अशक्य. मंडळीच्या पंचांनी स्पष्ट सांगितलं आहे : मार्चअखेरपर्यंत टेकडीपलीकडची सोय झाली नाही तर नवा पाळक नेमावा लागेल. म्हणजे यांना घर सोडावं लागेल. सव्वीस वर्षांचं घर. पंचांचंही चुकत नाही. पलीकडे बावीस कुटुंबं आहेत आणि त्यांनी दोन महिने पाळकांच्या हातचं प्रभुभोजन घेतलेलं नाही.

बाई उपासनेत पायपेटी वाजवतात. त्यामुळे गंमत झाली. भात्याची सवय म्हणून त्या क्लच आणि ब्रेक आळीपाळीने दाबायला लागल्या. गाडी पहिल्या ओळीचा अर्धा चरण गायली आणि बंद पडली. मी हसलो नाही. पुढच्या कोपऱ्यावर त्याच हसायला लागल्या, मग मीही हसलो.

माझ्या गाडीबद्दल इथे लिहून ठेवतो, कारण यावरही कधी बोलता येईल. माझ्या बाजूला दुसरा ब्रेक आहे. शिकवण्याच्या प्रत्येक गाडीला असतो. दोन्ही पॅडल खालून एका सळईने जोडलेली. मी माझं दाबलं की शिकणाऱ्याचंही खाली जातं, त्याने दाबलं की माझंही. इतर मास्तर तो धाडकन दाबतात आणि शिकणाऱ्याचं काळीज तोंडात येतं. माझा पाय बेमालूम आहे. शिकणाऱ्याला वाटतं त्यानेच थांबवली. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आरशाचा बोध दिला. न्हावी पहिल्या बाकावर होता, त्याने कल्ले कापले होते. लोक हसले आणि नंतर गंभीर झाले, त्याच क्रमाने व्हायला हवं होतं.

ही म्हणाली, छान झालं, पण पाळकांनी पाच मिनिटं सांगितली होती. घड्याळ बघत होती म्हणजे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या छोटीला पत्र आलं. छोटी सव्वीस वर्षांची आहे, नाव मात्र तेच राहिलं. रक्ततपासणीच्या मोठ्या प्रयोगशाळेत नोकरी, इथून गाडीने आठ तासांवरच्या शहरात. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे.

मी म्हणालो, प्रार्थना करून ठरवू.

ती म्हणाली, मी केली आहे.

मग आम्हालाही करू दे, म्हटलं. ती ताट उचलून आत गेली. नाही म्हणाली नाही. समजूतदार आहे.

घाबरट आहे हेही खरं. सात वर्षांपूर्वी मीच तिला गाडी शिकवली. लायसन्स मिळालं तेव्हा परीक्षा मोकळ्या मैदानात होत असे, चौक नाही, वर्दळ नाही. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. कितीदा म्हटलं, चल, मी बसतो शेजारी. म्हणते, नको बाबा. जी बापाला शेजारी बसवूनही गाडी चालवत नाही ती परक्या गावी एकटी काय राहणार?

बोध : लाल दिव्याला थांबलेला माणूस मागे पडत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाईंची प्रगती पाहून मीच थक्क आहे. क्लच हलका, गिअर अचूक, स्टिअरिंगवर हात कसे ठेवावे ते पेटी वाजवणाऱ्याला सांगावं लागत नाही. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलताना तसूभर मागे आली नाही.

फक्त चौकात थोड्या उशिरा जाग्या होतात. तिथे मी आहेच.

आज त्यांनी गुपित सांगितलं. चौक किंवा रस्ता ओलांडायचे पट्टे दिसले की त्या ब्रेकवर पाय ठेवतात, नुसता टेकवतात, आणि मनात दोन शब्द प्रार्थना करतात. गाडी आपोआप हळू होते. "मास्तर, मला वाटलं होतं खूप जोर लागत असेल. हे तर फुलासारखं आहे."

मी म्हणालो, असंच असतं.

खरं सांगायला हवं होतं का? विचार केला. माणसाची भीती जाते आहे, श्रद्धा वाढते आहे, गाडी थांबते आहे. यात खोटं कुठे आहे? परमेश्वर कोणाचा तरी पाय वापरतोच. यावेळी माझा वापरला.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजच्यासारखा दिवस क्वचित येतो.

मी दुसऱ्या ब्रेकवर बोललो. आपण चालवतो आहोत असं आपल्याला वाटतं, पण शेजारी कोणीतरी बसलेलं आहे, त्याच्या पायाखालीही ब्रेक आहे, आणि आपण चुकतो तिथे तो न बोलता दाबतो. एकाही मुलाची चुळबुळ ऐकू आली नाही.

मी बसलो आणि बाई पायपेटीवरून उठल्या. साक्ष द्यायची आहे म्हणाल्या. त्यांनी चौकातली प्रार्थना सगळ्यांना सांगितली. नुसता पाय टेकवते आणि गाडी थांबते. "मास्तरांना विचारा," म्हणाल्या.

सगळी मंडळी माझ्याकडे वळली. मी मान हलवली.

नंतर दारात किती लोकांनी हात धरले. पलीकडच्या बाकावरचे म्हातारबा तर रडत होते.

घरी आल्यावर हिने भाजी चिरता चिरता विचारलं, "बाई खरंच थांबवतात का हो?"

"थांबते ना गाडी."

"मी गाडीचं नाही विचारलं."

हिला साक्षीतलं फारसं कळत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पाळकांना विनंती केली की छोटीशी दोन शब्द बोला. तुमचं ऐकते. काय सांगू, त्यांनी विचारलं. थांब म्हणावं, मी सांगितलं. पाळक थोडा वेळ माझ्या खांद्याच्या बाजूला बघत राहिले. हल्ली ते असंच बघतात, नजरेमुळे. मग म्हणाले, ती धावते आहे का?

हो किंवा नाही असं काहीच म्हणाले नाहीत. आजारपणाने माणूस थोडा अवघड होतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

छोटीने मुदत मागून घेतली. मीच सुचवलं होतं. तिथल्या लोकांनी एकवीस मार्चपर्यंत वेळ दिला, वर लिहिलं की यानंतर देता येणार नाही. तीन आठवड्यांत पुष्कळ काही होतं. मी तिच्यासाठी इथल्याच दवाखान्यात शब्द टाकून ठेवला आहे. तिला इतक्यात सांगणार नाही. आधी जागा तर निघू दे.

६ मार्च, गुरुवार

बाई नापास झाल्या.

मी परीक्षा केंद्राच्या भिंतीपाशी उभा होतो. परीक्षक माझ्या जागी बसला. सगळं सुरेख चाललं होतं : उचलणं, वळण, चढ, मागे घेणं. मग परतीच्या वाटेवर पट्टे आले आणि काठी टेकत एक म्हातारा रस्ता ओलांडायला लागला. मला तिथून दिसत होतं. गाडी हळू व्हायला हवी होती. झाली नाही. मग परीक्षकाने धाडकन ब्रेक दाबला आणि गाडी नाक घासल्यासारखी थांबली. म्हाताऱ्याने वर बघितलंसुद्धा नाही.

गाडीतून उतरल्या तेव्हा बाईंच्या तोंडावर रंग नव्हता. परीक्षक मला म्हणाला, बाकी उत्तम आहे, पण ब्रेक मारायला शिकवलं नाहीत का?

घरापर्यंत मी गाडी चालवली. अर्ध्या रस्त्यात बाई एवढंच म्हणाल्या, "मी पाय ठेवला होता. तो खाली गेला नाही."

पुन्हा परीक्षा वीस तारखेला. मी सांगितलं, काळजी करू नका, परीक्षकामुळे माणूस बावरतो.

बोध : हरण्यातही

७ मार्च, शुक्रवार

कालचं वाक्य अर्धं राहिलं. कसं पुरं करायचं होतं ते आठवत नाही.

८ मार्च, शनिवार

बाई ठरल्या वेळी आल्या. गाडी सुरू करू नका म्हणाल्या. मग ब्रेकवर पाय ठेवला आणि मला म्हणाल्या, तुमचा दाबा.

मी विचारलं, कशाला?

दाबा मास्तर.

मी दाबला. त्या खाली बघत नव्हत्या, समोर बघत होत्या. पायपेटी वाजवतानाही त्या पायांकडे बघत नाहीत. म्हणाल्या, पुन्हा. मग म्हणाल्या, नेहमीसारखा, हळूच. मी नेहमीसारखा दाबला.

"पेटीचं पॅडल माझ्याआधी खाली गेलं असतं तर मी भाता उघडून बघितला असता," बाई म्हणाल्या. "इथे नाही बघितलं. बघायचं नव्हतं मला." नंतर विचारलं, "किती वेळा?"

बहुतेक वेळा, मी म्हणालो.

"मी एकदा तरी थांबवली का?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. बावीस दिवस, रोज एक तास. एकही वेळ सापडली नाही.

त्या म्हणाल्या, "मी मंडळीसमोर उभी राहिले मास्तर. तुम्ही मान हलवलीत."

उतरल्या आणि चालत घरी गेल्या. पाऊण तासाची वाट आहे.

मी काही वाईट हेतूने केलं नव्हतं हे इथे लिहून ठेवतो. त्यांना धक्का बसू नये, रस्त्यावरच्या कोणाला लागू नये. अजून काय करायला हवं होतं?

९ मार्च, रविवार

घसा बसला म्हणून कळवलं. पाळकांनी पाच मिनिटं गीत वाढवून भरून काढली. पायपेटी व्यवस्थित वाजली, एक सूर इकडचा तिकडे नाही.

घसा बसला नव्हता.

१० मार्च, सोमवार

घरात सांगून टाकलं. वाटलं होतं, निदान घरात तरी कोणी म्हणेल की तुमचा काय दोष. छोटी ऐकत होती. मी म्हणालो, इतक्या वर्षांत कोणाला कळलं नव्हतं, पाय इतका बेमालूम.

"बेमालूम कसला," ती म्हणाली. "मला सगळं मालूम होतं."

कधीपासून, विचारलं. तिसऱ्या धड्यापासून.

मग बोलली का नाहीस?

तिने हातातला पेला खाली ठेवला. "तुम्हाला किती आनंद व्हायचा, बाबा. गाडी थांबली की म्हणायचात, शाब्बास. मी कशी सांगणार?" मग म्हणाली, "लायसन्स मिळालं आणि मी चालवायचं सोडलं. मला कधी कळलंच नाही त्यातला माझा ब्रेक कोणता होता."

हिने माझ्यापुढचं ताट उचललं, अजून जेवण व्हायचं होतं तरी.

११ मार्च, मंगळवार

सकाळी गाडी घेऊन फिटरकडे गेलो. वीस वर्षं माझी गाडी तोच बघतो. त्याला म्हटलं, माझ्या बाजूचा ब्रेक काढून टाक. तो गाडीखालून बाहेर आला आणि मला ताप आहे का ते बघावं तसं बघायला लागला. म्हणाला, ब्रेक काढला की ही शिकवायची गाडी राहत नाही, कायदा आहे, आणि उद्या कोणी अंगावर आलं तर काय, प्रवचन देणार? मी सगळं सांगितलं. तो चिंधीने हात पुसत ऐकत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "ब्रेक नाही काढायचा. पाय काढायचा."

आणि परत गाडीखाली गेला. हा माणूस उपासनेला येत नाही. मी अनेकदा बोलावलं आहे.

१२ मार्च, बुधवार

पाळकांकडे गेलो. बाई आत होत्या, बाहेर आल्या नाहीत. पाळकांना सगळं आधीच माहीत होतं. मी म्हणालो, माझ्यामुळे तुमचं घर जाणार. ते म्हणाले, घर मंडळीचं आहे, ते कुठे जातंय, गेलो तर आम्ही जाऊ. त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर सोपं झालं असतं.

मी माझी बाजू मांडली. देवही आपल्याला पडू देत नाही. मी तेच केलं, माझ्या परीने.

पाळकांनी मला वाटणी मागून दूर देशी निघालेल्या धाकट्या मुलाची गोष्ट आठवते का विचारलं. लहानपणापासून पाठ आहे. बाप रस्त्याकडे डोळे लावून बसला होता, लांबून मुलगा दिसला आणि तो धावत सुटला. यावर मी स्वतः बोललो आहे, दोनदा.

"म्हणजे बापाला धावता येत होतं," पाळक म्हणाले. "मुलगा निघाला त्या दिवशीही येत होतं. पण त्या दिवशी तो उभा राहिला."

मी ही गोष्ट शेकडो वेळा ऐकली असेल. बापाच्या पायांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

निघताना बाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, उद्या चार वाजता. आणि मास्तर, बडबड नको.

१३ मार्च, गुरुवार

चार वाजता बाई आल्या. मी आधीच गाडीत बसलो होतो. चपला काढून मागे टाकल्या होत्या आणि सीटवर मांडी घातली होती.

"हे काय? जेवायला बसलात?"

मी सांगितलं, पाय माझ्या ताब्यात राहत नाहीत म्हणून. अगदीच जीवावर बेतलं तरच सोडेन, एरवी नाही. त्यांनी मान डोलवली आणि गाडी सुरू केली.

पहिला चौक. गाडी रेषेच्या दोन हात पुढे जाऊन थांबली. मागच्याने भोंगा वाजवला. दुसऱ्या चौकात इतक्या जोरात थांबली की माझी टोपी पुढच्या काचेवर गेली. तिसऱ्या वळणावर चाक पदपथाला घासलं. एकतीस वर्षांतला पहिला ओरखडा. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मग बाजारपेठेतले पट्टे. समोरून न्हावी रस्ता ओलांडत होता, हातात आरसा, नवा घेतलेला असावा, त्यात स्वतःला बघत चालला होता. माझा गुडघा आपोआप उचलला गेला. मी दोन्ही हातांनी तो दाबून धरला. मी प्रार्थना केली आणि पहिल्यांदाच कळलं की बाई बावीस दिवस काय करत होत्या. पायाखाली काही नसलं की प्रार्थना वेगळी होते.

गाडी थांबली. न्हाव्यापासून हातभर अंतरावर. त्याने वर बघितलं, आम्हाला ओळखलं, नमस्कार केला आणि गेला.

बाईंनी स्टिअरिंगवरून हात काढले नाहीत. म्हणाल्या, "खूप जोर लागतो हो याला."

हो, म्हणालो.

१६ मार्च, रविवार

उभा राहिलो आणि सांगितलं. गाडी बाईंच्या पायाने थांबत नव्हती, माझ्या पायाने थांबत होती. साक्षीच्या दिवशी मला ते माहीत होतं. बाई खोटं बोलल्या नाहीत, मी मान हलवून खोटं बोललो. दुसऱ्या ब्रेकचा बोध मी देवावर बोलतो आहे असं समजून दिला, पण मी माझ्याच पायावर बोलत होतो.

लोकांचं हे गप्प बसणं तेवीस तारखेचं नव्हतं.

मी खाली बसायला वळलो तेव्हा बाई पेटीपाशीच बसून बोलल्या. "देवाने मास्तरांचा पाय वापरला नाही असं मी म्हणत नाही. महिनाभर कोणाला लागलं नाही. पण त्याने मलाही पाय दिलेत." आणि पुढचं गीत सुरू केलं. सगळ्यांना पानं शोधायची घाई झाली.

ही म्हणाली, आज दोन मिनिटांत आटपलंत. आणि घरी जाताना माझा हात धरला.

संध्याकाळी छोटीला दवाखान्यातल्या शब्दाचं सांगितलं. तो मी परत घेतला हेही सांगितलं. तिला तेही मालूम होतं.

२० मार्च, गुरुवार

बाई पास झाल्या.

परीक्षकाला विचारलं, तुमच्या बाजूचा ब्रेक लागला का? म्हणाला, मी कागद भरत होतो, ब्रेक आहे हेच विसरलो.

२१ मार्च, शुक्रवार

छोटी सकाळी गाडीपाशी आली. उत्तर टाकून आले म्हणाली. काय उत्तर ते सांगितलं नाही, चेहऱ्यावर होतं. माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. गेले पाच आठवडे मी ते घासूनपुसून ठेवलं होतं, त्यात आईची तब्येतही होती.

बरं, म्हणालो.

एका शब्दाला इतका जोर लागतो.

३० मार्च, रविवार

दुपारी बाईंनी पाळकांना टेकडीपलीकडे नेलं, मंडळीच्या जुन्या गाडीतून. मागच्या सीटवर आम्ही दोघं. त्या गाडीला एकच ब्रेक आहे. उतार लागला तेव्हा मी पायाने खालची रबरी चटई दाबत होतो. हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, अहो, पाय. पाळक पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. समोरचं नीट दिसतं म्हणूनच मिटलेत असं म्हणाले आणि बाईंनी त्यांना बोलू नका म्हणून सांगितलं.

बावीस कुटुंबं रस्त्यावर येऊन उभी होती. प्रभुभोजनाच्या वेळी मी शेवटी गेलो.

पाळकांनी परवा विचारलं, पुन्हा पाच मिनिटं घेणार का? घेईन, म्हणालो. सांगण्यासारखं आता आहे. पण आधी थोडे रविवार ऐकतो.

५ एप्रिल, शनिवार

छोटी गेली. सकाळच्या गाडीने. तिला फलाटावर सोडून, इथेच स्टेशनबाहेर, गाडीत बसून लिहितो आहे.

सामान मागे ठेवलं, ही त्याच्याशेजारी बसली. मी किल्ली काढली तर छोटीने हात पुढे केला. मी म्हणालो, सात वर्षं झाली गं. तेव्हा कळलं की गेला आठवडाभर पहाटे ती आणि बाई मंडळीची गाडी घेऊन जातात. बाई शिकवतात म्हणे. बाईंना लायसन्स मिळून दोन आठवडे झाले आहेत. मी किल्ली दिली.

मी माझ्या बाजूला आलो, चपला काढल्या आणि मांडी घातली. ती आरसा नीट करत होती. भांग बघत नव्हती, मागचा रस्ता बघत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, पाय खाली सोडा. अवघडाल."

नको, राहू दे, म्हटलं.

"सोडा हो. मला चालेल."

मी पाय खाली सोडले. ब्रेकच्या बाजूला, पायपुसण्यावर, जवळ जवळ ठेवले.

बाजारपेठ लागली. पट्ट्यांवर एक आई लहान मुलाला घेऊन उतरत होती. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि रेषेच्या अलीकडे थांबली. मी खाली बघितलं. माझे पाय होते तिथेच होते. माझं पॅडल खाली गेलेलं होतं.

हा ब्रेक तिचा होता.